पन्नाशीनंतरचे रंग : पोशाखाच्या एका अलिखित नियमाचा इतिहास

फलकावर विषय लिहिलाय 'पन्नाशीनंतरची हौस'. मी तो जरा अरुंद करून घेते, कारण हौसेवर बोलायला बसलो तर रात्र पुरणार नाही.

पन्नाशी ओलांडली की माणसाने फिकं, साधं, वय दाखवणारं नेसावं-घालावं असा एक नियम आपल्याकडे आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. साडीच्या दुकानात तुम्ही गडद जांभळ्या साडीवर हात ठेवलात की दुकानदारच विचारतो, "सूनबाईंसाठी का?" पुरुषाने फुलाफुलांचा शर्ट घातला की कट्ट्यावर कुणीतरी 'म्हातारचळ' म्हणतंच. शब्द बघा किती नेमका आहे. चळ लागणं म्हणजे वेड लागणं. विशीत ते वेड नसतं, हौस असते. तीच गोष्ट साठीत केली की चळ. मला विचारायचंय ते एवढंच, की हा नियम आला कुठून? खरंच वयातून आला का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना लवकर घरी जायचंय त्यांची सोय होईल. हा नियम वयाचा नाहीच. बायकांच्या बाबतीत ती वैधव्याच्या नियमाची सावली आहे. पुरुषांच्या बाबतीत ते शंभरेक वर्षांपूर्वीच्या राजकारणाचं आणि सरकारी नोकरीचं उरलेलं शेपूट आहे. दोन्हींना आपण 'वय' हे एकच नाव देऊन टाकलं. आता हे कशावरून, ते पाहू.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सवयीने आधी ग्रंथांकडे जाते. आपल्याला वाटतं शास्त्रात पन्नाशी सांगितलीय, 'पन्नाशीनंतर वानप्रस्थ'. मनुस्मृतीचा सहावा अध्याय उघडून पाहा. तिथे वानप्रस्थासाठी पन्नास हा आकडा नाही. अंगावर सुरकुत्या दिसल्या, केस पांढरे झाले, नातवंड झालं, की गृहस्थाने अरण्यात जावं, चामडं किंवा वल्कलं नेसावीत, असं आहे. म्हणजे साधा वेश सांगितलाय तो घर सोडून अरण्यात गेलेल्याला. घरात राहून, नातवंडाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडून, संध्याकाळी मालिका बघणाऱ्याला नव्हे. वल्कलं आपण सोडली, अरण्य सोडलं, फक्त फिकटपणा ठेवला.

मग 'निवृत्ती' नावाचं वय आलं कुठून? ते कचेरीतून आलं. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकर ५५ व्या वर्षी निवृत्त व्हायचा. केंद्र सरकारने १९६२ मध्ये ते ५८ केलं, १९९८ मध्ये ६०. एका परिपत्रकाने म्हातारपण पुढे सरकतं, तर ते निसर्गाचं कसं म्हणायचं?

भरतमुनींचं नाट्यशास्त्र मात्र स्पष्ट बोलतं. वेश वयाला साजेसा असावा, चाल वेशाला साजेशी असावी, बोलणं चालीला, आणि अभिनय बोलण्याला. बघा, सापडला नियम! पण ही सूचना कुणाला आहे? नटाला. पंचविशीतल्या नटाला म्हातारा कंचुकी दाखवायचा असेल तर आधी वेश बदला, म्हणजे प्रेक्षकाला तो म्हातारा वाटेल. भरतांना पक्कं ठाऊक होतं की वय वेशातून दिसत नाही, वेशाने ते घडवता येतं. रंगभूमीवरची ही युक्ती आपण घरात आणली आणि पन्नाशीतल्या धडधाकट बाईला कंचुकीचा वेश दिला.

अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या क्षेमेंद्राने तर औचित्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, नूपुर हातात चढवले, तर कोण हसणार नाही? अनौचित्य ते हे. गळ्याचा दागिना गळ्यात असावा. तो गळा वीस वर्षांचा असावा की साठ, याची चौकशी या दृष्टान्तात नाही.

आणि गीतेतला तो श्लोक सगळ्यांना पाठ आहे, जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घेतो, तसा आत्मा देहाचं करतो. आपण तो दुखवट्याला म्हणतो. पण उपमा नीट बघा. जुनी टाकतो *आणि नवी घेतो*. या उपमेत कुणी जुनेर नेसून बसून राहत नाही. असो, ही माझी गंमत झाली.

आता इतिहास. पुरुषांपासून सुरू करते, कारण त्यांचा सोपा आहे.

पेशवाईतला प्रतिष्ठित पुरुष वय वाढलं म्हणून रंग सोडत नव्हता. कानात भिकबाळी, मोत्यांचे चौकडे, गळ्यात कंठा, डोक्याला रंगीत पगडी, खांद्यावर जरीकाठी उपरणं किंवा शेला. तो दर्जाचा पोशाख होता, आणि दर्जा वयाबरोबर वाढतो, त्यामुळे झगमगाटही वाढायचा. लोकमान्य टिळक १९२० मध्ये वयाच्या ६४ व्या वर्षी गेले. त्यांच्या डोक्यावर कोणती पगडी होती? तांबडी. साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर तांबडा रंग, आणि अख्ख्या महाराष्ट्रात कुणाला तो चळ वाटला नाही. उलट त्या रंगाने माणूस भारदस्त दिसायचा. आज साठीच्या गृहस्थाला लाल टी-शर्ट दिला तर तो लाजतो.

मधे दोन गोष्टी घडल्या. पहिली युरोपातून आली. फ्ल्यूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये कपड्यांच्या मानसशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं असं, की अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पुरुषांनी झगमग, रेशीम, रंग सोडून दिले आणि काळा-करडा, कामाचा कोट पत्करला. या घटनेला त्याने जे नाव दिलं त्याचं मराठी 'पुरुषांचा महासंन्यास' असं करता येईल. हा संन्यास इंग्रज साहेबाच्या कोटाबरोबर आपल्या कचेऱ्यांत आला. शिकलेला, नोकरदार पुरुष म्हणजे काळा कोट. भिकबाळी गेली, ती आता परत आलीय ती लग्नातल्या नवरदेवाच्या आणि ढोल-ताशा पथकातल्या पोरांच्या कानात.

दुसरी गोष्ट म्हणजे गांधीटोपी आणि खादी. १९२० च्या असहकारानंतर पांढरी टोपी पगड्या-पागोट्यांना बाजूला सारत गेली. तेव्हा ती टोपी म्हातारपणाची खूण नव्हती बरं का. कॉलेज सोडून आलेली विशीची पोरं ती घालून तुरुंगात जायची. तो त्या काळचा सगळ्यांत तरुण, सगळ्यांत धाडसी पोशाख होता. ती पोरं म्हातारी झाली, टोपी डोक्यावर तशीच राहिली, आणि पुढच्या पिढीने गृहीत धरलं की पांढरी टोपी, पांढरा नेहरू शर्ट आणि धोतर किंवा लेंगा म्हणजे आजोबांचा गणवेश. आपल्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात बाजाराच्या दिवशी उभं राहा. टोपी, धोतर, मग पायजमा, मग सत्तरच्या दशकातली टेरिकॉट पँट, मग सफारी, मग जीन्स. डोळ्यांसमोरून सगळा शतकाचा क्रम चालत जातो. प्रत्येकाने अंगावर आपलं तारुण्य घातलेलं असतं. ज्याला आपण म्हाताऱ्याचा वेश म्हणतो तो बहुतेक वेळा त्याच्या तरुणपणीची फॅशन असतो.

पन्नाशीनंतर स्वतःचा वेश स्वतः ठरवला, असं सगळ्यांत ठळक उदाहरण कोणतं? मला विचाराल तर गांधीजी. हसू नका. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना लंडनमध्ये त्यांनी उंच हॅट घेतली, सूट शिवला, नाचाच्या शिकवणीला गेले, व्हायोलिन आणलं. आत्मकथेत ते हे सगळं स्वतःच सांगतात. ते तारुण्य होतं, पण दुसऱ्यासारखं दिसण्याचं. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत त्यांनी सदरा आणि टोपी सोडून फक्त पंचा ठेवला, तेव्हा ५२ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता. तो पोशाख त्यांच्या वर्गातल्या कुणासारखाही नव्हता. गरिबाचा होता, आणि तरीही त्यांचा एकट्याचा होता. फॅशन म्हणजे महाग कपडा असं धरलं तर हे उदाहरण बसणार नाही. फॅशन म्हणजे 'हे मी निवडलंय' असं अंगावर दिसणं, असं धरलं तर याहून मोठं उदाहरण नाही.

उलट दिशेचं उदाहरण बाबासाहेबांचं. ज्या स्मृतीने काहींना मृतांची वस्त्रं नेसायला सांगितली, त्या स्मृतीला उत्तर म्हणून नीट शिवलेला सूट, टाय, चकचकीत बूट. त्या सुटाकडे नुसती आवड म्हणून बघणाऱ्यांना इतिहास कळलेला नाही. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी बायकांना सांगितलं, तुमच्या लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून आणि हातापायांतल्या जड गोट-पाटल्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते सोडा, पायघोळ नेसा. आणि बायकांनी ते लगोलग केलं. त्या गर्दीत काय फक्त विशीतल्या होत्या? आयुष्यभर गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेल्या प्रौढ बायाही असणार. नवी तऱ्हा नेसायला शिकणं त्यांनाही आलं.

याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात, वयाच्या ६५ व्या वर्षी, सूट बाजूला ठेवून पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातला. समोर लाखो माणसं पांढऱ्या वेशात. त्यांत नवरा शेजारी उभा असलेल्या बायका होत्या, कडेवर लेकरं असलेल्या होत्या, पांढऱ्या साडीत. पांढरं म्हणजे वैधव्य किंवा वार्धक्य, हे समीकरण त्या मैदानापुरतं तरी त्या दिवशी पुसलं गेलं.

हा धागा मला बायकांकडे घेऊन जातो, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

मघाशी टिळकांच्या तांबड्या पगडीबद्दल बोलले. त्याच काळात, त्याच पुण्यात, त्याच जातीतल्या विधवेच्या अंगावर कोणता रंग होता? तोही तांबडा. आलवण. केशवपन झालेलं डोकं, त्यावरून घेतलेला आलवणाचा पदर, बहुधा चोळी नाही, कपाळ मोकळं, हात मोकळे. आणि ही 'म्हातारी' कधीकधी पंधरा वर्षांची असायची. साठ वर्षांच्या पुरुषाच्या डोक्यावर तांबडा म्हणजे मान, आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर तांबडा म्हणजे आयुष्य संपल्याची खूण. तर मग रंगाला अर्थ कोण देतं? वय तर नक्कीच देत नाही.

ही रूढी सगळ्या समाजांत नव्हती. बहुतेक शेतकरी, कारागीर जातींमध्ये पाट लागत होता, मोहतूर होत होतं, विधवेचा दुसरा संसार उभा राहत होता. पण वर चढायचं तर वरच्यांचं अनुकरण करायचं, याला समाजशास्त्रज्ञ श्रीनिवास संस्कृतीकरण म्हणतात. वरच्यांकडून घेताना लोकांनी चांगलं थोडं घेतलं आणि बंधनं जास्त घेतली. ज्यांनी विरोध केला त्यांची आठवण ठेवायला हवी. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव जमले आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असं त्यांनी ठरवलं. रूढीच्या हातातलं हत्यारच काढून घेतलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात केली. केशवपन गेलं, आलवण गेलं. पण आलवणाची सावली गेली नाही. ती पसरली. पूर्वी विधवेने रंग सोडायचा होता, मग 'वयस्कर' बाईनेही सोडायचा झाला. नवरा समोर खुर्चीत बसलाय, तरी पंचावन्नची बाई म्हणते, "आता काय, मला राखाडी द्या." कशाची तयारी करते ती?

बायकांच्या पोशाखाचा क्रम तुम्हाला घरातूनच माहीत आहे. आजी लुगड्यात. नऊ वार, कासोटा, शेतात वाकायला, विहीर उतरायला, घोड्यावर बसायलाही सोयीचं. मग गोल पातळ आलं, पाचवारी-सहावारी. शिकलेल्या, शहरी मुलींनी ते आधी घेतलं. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आलं, तेव्हा नऊपेक्षा सहा वार परवडणं हाही मुद्दा झाला. आजीने मात्र नऊवारी सोडलं नाही, म्हणून नऊवारी म्हणजे म्हातारपण असं ठरलं. आणि आता? गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर बसलेली बावीस वर्षांची मुलगी काय नेसते? शिवलेलं नऊवारी, नाकात नथ, डोळ्यांवर गॉगल. जो पोशाख साठ वर्षं म्हाताऱ्यांचा होता तो तरुणांचा झाला, कापड तेच.

मग पंजाबी ड्रेस आला, ज्याला आपण नुसतं 'ड्रेस' म्हणतो. तालुक्याच्या गावांमध्ये चाळिशीतल्या बाईने ड्रेस घालण्यावरून किती घरांत भांडणं झालीत ती मला माहीत आहेत. आणि गाऊन! गाऊनवर कुणी प्रबंध लिहायला हवा. झोपायला म्हणून आला आणि दूध आणायला, भाजीवाल्याशी घासाघीस करायला, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पोचला, खांद्यावर एक नॅपकिन टाकला की मर्यादा पूर्ण. कुठल्याही सुधारकाने त्यासाठी सभा घेतली नाही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतली ही बायकांच्या पोशाखातली सगळ्यांत मोठी उलथापालथ आहे, आणि दिसायला सगळ्यांत कुरूप. पण सोय ही काय ताकद असते ते त्यावरून कळतं.

एक गोष्ट इतिहासकार फारशी लिहीत नाहीत, ती म्हणजे आहेर. आपल्याकडच्या बाईचं कपाट भरतं कशाने? मानपानाने. लग्नात आलेली, ओटी भरताना आलेली, मंगळसूत्र-मुंजीची, दिवाळीला भावाने घेतलेली. त्यातली एखादी फिरती साडी तर चार घरं हिंडून आलेली असते, घडीसुद्धा मोडलेली नसते. पन्नाशीपर्यंत बाईकडे पन्नास-साठ साड्या होतात आणि त्यांतल्या तिने स्वतः निवडलेल्या मोजायला एका हाताची बोटं पुरतात. पुरुषांचंही तेच. टॉवेल-टोपी आणि न शिवलेले पँटपीस. आधी वडिलांनी घेतलं, मग सासरच्यांनी, मग मुलांनी. त्यामुळे 'या वयात कसली आलीय आवड' या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की याआधी तिला आवड ठरवायला कधी मिळालीच नाही. मुलं मार्गी लागली, थोडे पैसे स्वतःच्या खात्यात आले, बाजारात एकटीने जायची मोकळीक आली, हे सगळं आपल्याकडे पन्नाशीच्या आसपासच जुळून येतं. आणि नेमकं तेव्हाच दुकानदार विचारतो, सूनबाईंसाठी का?

वयस्कर झाल्यावर समाज आपल्याला काय देतो? शाल. मराठीत क्रियापदं किती आहेत बघा. साडी नेसायची, सदरा घालायचा, फेटा बांधायचा, दागिने ल्यायचे. साठीनंतर एकच उरतं, पांघरायचं. माझ्याकडे सत्काराच्या इतक्या शाली आहेत की थंडी कमी पडते. आजही एक मिळणार आहे, ती समोर टेबलावर दिसतेय, रंग अर्थातच बदामी.

नियम मोडणारी माणसंही आपल्याकडे होती, आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८ चा. 'मानापमान', 'स्वयंवर', 'एकच प्याला'. त्यांनी रंगमंचावर शालू कसा नेसला, गजरा कसा माळला, हे बघून घराघरांतल्या बायका तसं करायच्या. महाराष्ट्रातल्या बायकांची फॅशन एका पुरुषाने ठरवली, हे जगात किती ठिकाणी घडलं असेल कोण जाणे. कपड्यांसाठी त्यांनी हात राखला नाही, कर्ज झालं तरी. पण सिंधूच्या भूमिकेत त्यांनी ठिगळाचं लुगडं नेसलं, आणि तेही लोकांना तितकंच खरं वाटलं. १९३८ मध्ये त्यांनी पन्नाशी गाठली. त्यानंतरही ते नायिका करत राहिले. शरीर जड झालेलं, चेहऱ्यावर वय दिसतंय, आणि समोर रुक्मिणी उभी. भरतमुनींचा नियम पार उलटा. काही टीकाकारांना ते सोसलं नाही, आणि तेही मी समजू शकते. प्रेक्षक मात्र येत राहिले. काही स्वरासाठी आले असतील, काही जुन्या प्रेमासाठी. पण त्या बाईला बाई मानायला ते तयार होते, हे खरं. आता विचार करा. पन्नाशीच्या पुरुषाला नवरीच्या शालूत बघून टाळ्या देणारा समाज पन्नाशीच्या बाईला साध्या मोरपंखी साडीत बघून नाक मुरडतो.

इरावती कर्वे घ्या. मानववंशशास्त्राच्या एवढ्या मोठ्या विदुषी. १९५० च्या दशकात, पन्नाशीला टेकलेल्या असताना, पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवायच्या. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि नवरा हयात. लता मंगेशकर उलट बाजूच्या. त्यांनी ऐन तारुण्यापासून पांढरी साडी निवडली, रंगीत काठाची, आणि नव्वदीपर्यंत तीच ठेवली. पांढरा रंग त्यांच्यावर कुणी लादला नव्हता, म्हणून तो कधी म्हातारा दिसला नाही. न्यूयॉर्कमध्ये आयरिस ॲपफेल नावाची बाई होती. २००५ मध्ये तिथल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तिच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं तेव्हा ती ८४ वर्षांची होती. मोठ्ठा गोल चष्मा, हातभर जाड बांगड्या, झगझगीत रंग. २०२४ मध्ये १०२ व्या वर्षी गेली, तोपर्यंत तशीच. अर्थात तिच्याकडे पैसा होता, आणि हे सांगायला हवं. स्वस्तात हौस करणं अधिक अवघड असतं.

इतक्या लांब जायचंही कारण नाही. आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला ननाशीकडे जा. आदिवासी बायका डोक्या-खांद्यावरून फडकी घेतात, छापील, ठसठशीत रंगांची. मी तिथे सत्तरीच्या आजींच्या अंगावर जितका रंग पाहिलाय तितका नाशिकच्या कॉलेज रोडवर विशीतल्या मुलींच्या अंगावर नाही. त्यांच्याकडे आलवणाची सावली पोचली नव्हती, एवढाच फरक. आणि वणीहून वर गडावर जा. सप्तशृंगीला अकरा वार साडी लागते, चोळीला तीन खण. हिरवी, लाल, केशरी, मोरपंखी, रोज वेगळी. तिचं वय काढायची कुणाची टाप नाही. आई म्हणतो आपण तिला, आजीचीही आई, आणि तिला राखाडी साडी न्यायचं आपल्या स्वप्नातही येत नाही.

वेळ होत आला. तीन-चार चिठ्ठ्या आल्यात, त्या घेते.

पहिली एका सद्‌गृहस्थांची. "तरुण दिसण्यासाठी काय करावं?" तरुण दिसण्याचं मला माहीत नाही, नीट दिसण्याचं सांगते. माप नव्याने द्या. चाळिशीत दिलेल्या मापावर शिंपी अजून तुमचे कपडे शिवतोय. वयाबरोबर पाठीला जरा बाक येतो, मग कुर्ता मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो. मागची उंची इंचभर वाढवायला सांगा. खांद्याची शिवण खांद्यावर बसली पाहिजे, दंडावर नव्हे. केस पांढरे झाले की बदामी, राखाडी रंगात चेहरा हरवतो, गडद निळा, शेंदरी, बाटली-हिरवा अशा रंगांत उठून दिसतो. तेव्हा म्हातारपणासाठी म्हणून जे रंग आपण राखून ठेवलेत, ते नेमके त्या वयाला सगळ्यांत कमी शोभतात. नातवाचे टाकलेले टी-शर्ट घालू नका, त्यावर काय लिहिलंय ते एकदा वाचून तरी घ्या. आणि चष्म्याची चौकट बदला. रोज अंगावर असणारी ती एकमेव वस्तू आहे, आणि तीच आपण सगळ्यांत कमी विचार करून घेतो.

दुसरी चिठ्ठी वाचते. नाव नाही. "माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. मे महिन्यात नातीचं लग्न आहे. हिरवी पैठणी नेसली तर चालेल का? मुलगा काही म्हणत नाही, पण जावा बोलतील."

ताई, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की आमच्या गावात यापुढे विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं होणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायचं आवाहन केलं. तो ठराव शहरातल्या कुणी शिकवून झाला नाही, शिरोळ तालुक्यातल्या एका गावाने केला. जावा बोलल्या तर हे सांगा. त्याउपर बोलल्या तर जेवायला वाढून द्या, लग्नघरात बोलणाऱ्यांना तेवढंच काम असतं. हिरवीच नेसा. आणि आहेरात आलेली नको, स्वतः निवडा. येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, सकाळी लवकर निघालात तर निवांत बघून संध्याकाळी परत. हातमागाची हवी असेल तर पदर उलटून पाहा. उलट बाजूलाही नक्षी तशीच स्वच्छ दिसली, धागे लोंबत नसले, तर ती हातमागाची. ती महाग असते. यंत्रमागाची घेतलीत तरी हरकत नाही, फक्त हातमागाची किंमत देऊ नका. ब्लाउजचं माप लग्नाच्या महिनाभर आधी द्या, मे महिन्यात शिंपी मिळत नाहीत.

पुढची चिठ्ठी द्या.